लेबल कुणी लावलं?

घरातल्या मसाल्याच्या डब्यावर लेबल नसतं. कांडपावरून आणलेलं तिखट, गोडा मसाला, मेतकूट, वाळवलेल्या कुरडया, सगळं एकाच घाटाच्या स्टीलच्या डब्यांत असतं आणि तरी घरातल्या कर्त्या बाईचा हात वीज गेल्यावरही चुकत नाही. करणारी, भरून ठेवणारी आणि वापरणारी एकच असते, निदान तिघी एकमेकींना ओळखत असतात. नवी सून आली, किंवा मुलगा शिकायला परगावी निघाला आणि त्याच्यासोबत चार पुड्या द्यायच्या झाल्या, की पहिली चिठ्ठी चिकटते. लेबलाचा जन्म असाच होतो. वस्तू करणारा आणि वापरणारा यांच्यात अंतर पडलं, की ते भरून काढायला कुणीतरी लिहायला बसतो.

लेबल म्हणजे मुक्या वस्तूच्या वतीने दुसऱ्याने केलेलं विधान. आत काय आहे, कुठून आलं, किती दिवस टिकेल, किती घातक आहे, हे वस्तूकडे बघून कळत नाही. ते कळल्यासारखं व्हावं एवढ्यासाठी हा कागद. म्हणून कुठलंही लेबल वाचताना मजकुराच्या आधी दोन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. हे लावलं कुणी? आणि खोटं निघालं तर जाब देणार कोण? बिस्किटाच्या पुड्यापासून अणूपर्यंत आणि अणूपासून माणसापर्यंत लेबलं लावली जातात, पण या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक ठिकाणी फार वेगळी मिळतात.

पुड्यापासून सुरुवात करू, कारण तिथे उत्तर देणारा ठरलेला आहे. आपल्याकडे बंद पाकिटावरचा मजकूर मुख्यतः दोन कायदे ठरवतात. पहिला वैधमापन शास्त्राचा, म्हणजे वजनमापाचा. 2009चा कायदा आणि 2011चे नियम यांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, ग्राहक तक्रारीचा फोन आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावीच लागते. ही कमाल किंमत, आपली बोलीतली एमआरपी, 1990पासूनची. त्याआधी पाकिटावर किंमत आणि पुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असं असायचं आणि ते वेगळे कर किती हे दुकानदार सांगेल तितके. अलीकडे त्यात एका उपयोगी ओळीची भर पडली आहे, ती म्हणजे दर ग्रॅमला किंवा मिलिलिटरला पडणारी किंमत. पाकीट तेवढंच, किंमत तेवढीच आणि आतला माल मात्र 100 ग्रॅमवरून 85 ग्रॅमवर, ही युक्ती पकडायला ही एक ओळ पुरते. ती वाचणारा माणूस दुकानात मला अजून दिसायचा आहे.

दुसरा कायदा 2006चा, अन्नसुरक्षेचा. त्यातून आलेल्या प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक प्रत्येक खाद्यपदार्थावर असतो. लेबलिंगचे सध्याचे नियम 2020चे. या नियमांतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे घटकांचा क्रम. यादीत जे पहिलं ते वजनाने सगळ्यात जास्त, मग उतरत्या क्रमाने पुढचं. ‘बदाम कुकीज’ असं मोठ्या अक्षरांत आणि मागच्या यादीत मैदा, साखर, पामतेल असं करत बदाम सहाव्या की सातव्या जागी, हे एकदा बघितलं की समोरच्या चित्राची किंमत कळते. कंपन्यांनाही हा क्रम कळतो, म्हणून साखरेचे तुकडे होतात. थोडी साखर, थोडं लिक्विड ग्लुकोज, थोडं इन्व्हर्ट सिरप, थोडं माल्टोडेक्स्ट्रिन. प्रत्येक घटक आपापल्या वजनाने यादीत खाली सरकतो. यात खोटं काहीच नाही, नियमही मोडलेला नसतो, फक्त बेरीज तुम्ही करायची असते.

यादीच्या शेवटी कंसात येणाऱ्या आकड्यांना बरेच लोक घाबरतात. त्यांना उगाच घाबरू नये. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि आरोग्य संघटना यांच्या संयुक्त आयोगाने, म्हणजे कोडेक्सने, अन्नातल्या मिश्रकांना दिलेले ते क्रमांक आहेत. 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातलं. 300 म्हणजे क जीवनसत्त्व. 322 म्हणजे लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनमधून काढलेलं. 500 म्हणजे खाण्याचा सोडा. 621 मात्र ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोललं जातं ते मोनोसोडियम ग्लुटामेट आणि 211 म्हणजे सोडियम बेन्झोएट हे टिकवण्याचं रसायन. आकडा दिसला म्हणजे विष, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ज्ञान आजीच्या लिंबालाही गुन्हेगार ठरवेल.

खरी मेख पोषणाच्या चौकटीत असते. तिथे 100 ग्रॅममागचे आकडे आणि एका ‘सर्व्हिंग’मधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो ते दिलेलं असतं. हा दिवसाचा हिशेब 2,000 किलोकॅलरी, 67 ग्रॅम स्निग्धांश, 50 ग्रॅम वरून घातलेली साखर आणि 2,000 मिलिग्रॅम सोडियम असा धरतात. समजा 100 ग्रॅम बिस्किटांत 25 ग्रॅम साखर आहे आणि उत्पादकाने सर्व्हिंग 20 ग्रॅमचं ठरवलं. मग छापलं जातं दहा टक्के. ऐकायला बरं. पण सकाळच्या चहाबरोबर पुडा संपवणाऱ्याच्या पोटात दिवसाच्या साखरेतला निम्मा वाटा गेलेला असतो. चौकटीत सगळं खरं आहे. सर्व्हिंग किती मोठं धरायचं हा निर्णय ज्याने घेतला त्याने तुम्हाला काय वाटावं हेही ठरवलं.

पाकिटाची मागची बाजू कायद्याची, पुढची बाजू जाहिरातीची. पुढच्या बाजूवर लिहिण्यालाही मर्यादा आहेत, पण तिथे रस्सीखेच कायम चालू असते. ‘शुगर फ्री’ म्हणायचं असेल तर 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे ‘फ्री’ याचा अर्थ शून्य नव्हे. 2024च्या एप्रिलमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की दूध, माल्ट वगैरेंची पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटात ठेवू नका, कारण अशी काही वर्गवारी कायद्यातच नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलांची उंची ज्या शब्दांवर विसंबून होती ते शब्द कुणी ठरवलेलेच नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये घट्ट रसात पाणी घालून बनवलेल्या रसांवरचा ‘100 टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला. आणि ऑगस्टमध्ये दुधा-तुपावरचं ‘ए2’ हे बिरुद काढण्याचा आदेश निघाला आणि आठवडा उलटायच्या आत मागेही घेतला गेला. लेबलावरचा एकेक शब्द किती पैशांचा असतो याचा अंदाज त्या आठवड्यावरून यावा.

या सगळ्यात एक चिन्ह मात्र निर्विवाद यशस्वी झालं. शाकाहाराचा हिरवा ठिपका. हिरव्या चौकोनात हिरवा गोल, गेली वीसेक वर्षं पाकिटांवर आहे आणि अक्षरओळख नसलेली आजीही तो आधी शोधते. मांसाहाराचा ठिपका तपकिरी होता. पण हिरवा आणि तपकिरी हे दोन रंग वेगळे न ओळखू येणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या दृष्टीने दोन्ही ठिपके सारखेच. म्हणून 2020च्या नियमांत मांसाहाराच्या गोलाच्या जागी तपकिरी त्रिकोण आला. इतका साधा बदल व्हायला दोन दशकं लागली, याचं कारण उघड आहे. नियम लिहिणाऱ्यांना रंग दिसत होते.

ठिपक्याला जे जमलं ते साखर-मीठ-तेलाबाबत जमवण्याची खटपट जगभर चालू आहे. चिलीने 2016मध्ये सरळ काळा अष्टकोन आणला. साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असले तर पाकिटाच्या तोंडावर ‘अमुक जास्त’ असा ठळक काळा शिक्का. अशा पदार्थांवर मुलांना भुलवणारी कार्टूनं छापायची नाहीत आणि शाळेत ते विकायचे नाहीत. त्यानंतरच्या दीड वर्षात तिथल्या घरांतली गोड पेयांची खरेदी सुमारे 24 टक्क्यांनी घटली, असं एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडे 2022मध्ये जो मसुदा आला तो ताऱ्यांचा होता, अर्ध्यापासून पाचपर्यंत. त्यात साखरेमुळे गेलेले गुण तंतुमय पदार्थ किंवा सुकामेवा घालून परत मिळवता येतात, हा त्यावरचा मुख्य आक्षेप. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. मला विचाराल तर तारा हे शाबासकीचं चिन्ह आहे. दीड तारा मिळालेला पदार्थही काहीतरी मिळवून आल्यासारखा दिसतो. अष्टकोनाला तसा गैरसमज करून देता येत नाही.

गावाच्या नावाचं लेबल ही आणखी निराळी जात. 2018मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण आंब्यावर गाव उमटलेलं नसतं. दुसऱ्या राज्यातला आंबा देवगडच्या पेटीत भरायचा आणि विश्वास बसावा म्हणून खाली मराठी वर्तमानपत्र अंथरायचं, ही बाजारातली जुनी चलाखी. मानांकनाचा कागद बागायतदाराच्या फाइलीत असतो, फसवणूक मात्र गिऱ्हाइकाच्या दारात होते. आता देवगडचे बागायतदार एकेका फळावर क्रमांकाचं स्टिकर लावू लागले आहेत, ते यामुळेच.

पण लेबल वाचणाऱ्याच्या हातात पडलंच नाही तर? याचं सगळ्यात कडवट उत्तर आपल्याच विदर्भात आहे.

कीटकनाशकाच्या डब्यावर एक टोकावर उभा केलेला चौकोन असतो, पत्त्यातल्या चौकटसारखा. 1971च्या नियमांनी तो ठरवून दिला. वरच्या अर्ध्या भागात इशारा, खालचा अर्धा भाग रंगीत. उंदरांना तोंडावाटे एकदाच दिलेल्या मात्रेने निम्मे मेले, तर ती मात्रा वजनाच्या दर किलोमागे किती होती, यावर रंग ठरतो. 1 ते 50 मिलिग्रॅम असेल तर लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5,000 निळा आणि त्यापलीकडे हिरवा. लाल रंगाच्या डब्यावर कवटी आणि हाडांचं चिन्हही असतं. कातडीवाटे जाणाऱ्या मात्रेसाठी आकडे निराळे, पण रीत हीच. म्हणजे हिरवा हा या मापनातला सगळ्यात सौम्य रंग खरा, पण तो विषाचाच एक दर्जा आहे. आता गंमत बघा, गंमत कसली, चूकच. घरात येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा हिरवा ठिपका ज्या माणसाला ‘बिनधास्त घे’ असं सांगतो, त्याच माणसाच्या हातात शेतात हिरव्या त्रिकोणाचा डबा येतो. दोन खात्यांनी दोन काळांत एकच रंग वापरला आणि दोन्हींचा वाचणारा एकच आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा कमरेखाली राहायच्या ऐवजी तोंडावर येत होता. दमट उकाड्यात मास्क-हातमोजे कोण घालणार? शिवाय जास्त दाबाचे पंप आले होते. हे सगळं तेव्हा छापून आलं. लेबलाच्या बाजूने पाहिलं तर आणखी काही दिसतं. डबा कृषी सेवा केंद्रातून मालक आणतो, बांधावर बादलीत द्रावण तयार होतं, आणि पाठीवर पंप घेऊन दिवसभर सरीतून चालणारा मजूर अनेकदा डबा बघतही नाही. विषाच्या सगळ्यात जवळ असलेला माणूस लेबलापासून सगळ्यात लांब. त्यात दोन-तीन औषधं आणि वर एखादं टॉनिक एकत्र करून मारायची पद्धत. डब्यांवर आपापलं लेबल असतं. बादलीतल्या मिश्रणावर कुणाचंच नसतं, कारण तसं मिश्रण कुणी तपासलेलंच नसतं.

नियमांनुसार डब्यासोबत प्रादेशिक भाषेतलं माहितीपत्रक द्यावं लागतं आणि विषबाधा झाली तर उतारा काय तेही लिहावं लागतं. माहितीपत्रक असतं. घडी घालून, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, अनेक भाषा एका कागदावर. कायद्याचं पालन पूर्ण झालेलं असतं. रुग्णालयात मात्र रिकामा डबा सोबत आला तर फार फरक पडतो. विष ऑर्गनोफॉस्फेट गटातलं असेल तर अ‍ॅट्रोपिनसारखा उतारा डॉक्टरकडे असतो. काही औषधांना खास उताराच नसतो, तिथे फक्त लक्षणं सांभाळायची. मजूर बेशुद्ध आणि डबा बांधावर राहिला, तर डॉक्टरला अंदाजानेच चालावं लागतं. तेव्हा लेबल शेवटच्या क्षणाला कुणासाठी असतं, याचं उत्तर विकत घेणाऱ्यासाठी नव्हे, तर विष उतरवणाऱ्यासाठी असंही आहे. म्हणून फवारणी करणाऱ्या घरांना एक सांगणं आहे: काही झालं तर माणसाबरोबर डबाही न्या.

कागदाचं लेबल फाटतं, भिजतं, खोटंही छापता येतं. विज्ञानाने मात्र एक असं लेबल शोधलं की जे वस्तूच्या आतच असतं आणि तिच्यापासून सोडवता येत नाही. त्याची सुरुवात एका अपयशातून झाली. 1911च्या सुमारास जॉर्ज द हेवेशी हा तरुण हंगेरियन मँचेस्टरला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत आला. रदरफर्डने त्याला काम दिलं: ‘रेडियम-डी’ नावाचा किरणोत्सारी पदार्थ शिशातून वेगळा कर. हेवेशीने रसायनशास्त्रातल्या ठाऊक असलेल्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. वेगळा होईना. होणारच नव्हता, कारण तो शिशाचाच एक प्रकार होता, रासायनिकदृष्ट्या शिसंच, फक्त किरण सोडणारं. आज आपण त्याला समस्थानिक म्हणतो. दुसरा कुणी हात टेकून मोकळा झाला असता. हेवेशीने प्रश्नच उलटा केला. याला शिशापासून वेगळं करता येत नसेल, तर साध्या शिशात हा चिमूटभर मिसळून शिसं कुठे कुठे जातं ते मागावर राहून बघता येईल की! तो व्हिएन्नाला गेला आणि 1913मध्ये फ्रिट्झ पानेटबरोबर त्याने हे करून दाखवलं.

त्याच्या घरमालकिणीचा किस्सा विज्ञानाच्या इतिहासात आवडीने सांगितला जातो. खाणावळीसारख्या त्या घरात रविवारचं उरलेलं मटण पुढच्या दिवसांच्या पदार्थांत येतं असा त्याला संशय होता, बाई नाही म्हणत होती. त्याने ताटातल्या उरलेल्या अन्नात किंचित किरणोत्सारी पदार्थ टाकला आणि काही दिवसांनी पानात आलेल्या नव्या पदार्थाजवळ विद्युतदर्शी नेला. पुरावा मिळाला. अन्नाच्या लेबलिंगची याहून निर्दय तपासणी अजून कुठल्या अन्न निरीक्षकाने केली नसेल. 1923मध्ये त्याने हीच पद्धत घेवड्याच्या जातीच्या रोपांवर वापरली. मुळांतून शिसं वर कुठवर चढतं ते मोजलं. पुढे 1935मध्ये किरणोत्सारी फॉस्फरस उंदरांना देऊन त्याने दाखवलं की हाडं ही एकदा उभारलेली भिंत नाही. त्यांतला फॉस्फरस सतत निघतो आणि नवा येतो. समस्थानिकांचा असा माग काढण्यासाठी त्याला 1943चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या लेबलाची खरी ताकद 1952मध्ये दिसली. आनुवंशिक माहिती प्रथिनांत असते की डीएनएमध्ये, हा त्या काळचा मोठा वाद. आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी जिवाणूंवर हल्ला करणारे विषाणू घेतले. प्रथिनांत गंधक असतं, डीएनएमध्ये नसतं. डीएनएमध्ये फॉस्फरस असतो, त्या विषाणूंच्या प्रथिनांत जवळजवळ नसतो. म्हणून काही विषाणूंच्या प्रथिनांना किरणोत्सारी गंधकाचं लेबल लावलं, काहींच्या डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसचं. विषाणू जिवाणूंना चिकटू दिले, मग स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारख्या यंत्रात ते मिश्रण घुसळून बाहेर चिकटलेली विषाणूंची टरफलं झटकून टाकली. गंधक बहुतांशी बाहेर राहिलं, फॉस्फरस आत गेला होता. पुढच्या पिढीचे विषाणू कसे बनवायचे हे सांगणारा निरोप डीएनएने आत नेला होता. सूक्ष्मदर्शकातून जे दिसलं नसतं ते दोन अणूंच्या खुणांनी सांगितलं.

मुंबईकरांच्या ओळखीची याचीच एक पुढची पिढी म्हणजे पेट स्कॅन. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002मध्ये देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आलं, ते यासाठीच. ग्लुकोजच्या रेणूतला एक तुकडा काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन-18 बसवतात. पेशीला वाटतं साखरच आली. ती आत घेते, पचवायची पहिली पायरी करते आणि मग अडकते, कारण हा रेणू पुढे जळत नाही. बाहेरही पडत नाही. आत बसून तो पॉझिट्रॉन सोडतो, त्यातून विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात आणि यंत्र त्यांवरून जागा सांगतं. कॅन्सरच्या पेशी साखरेच्या हावरट, म्हणून त्या उजळतात. फ्लोरिन-18चा निम्मा भाग 110 मिनिटांत संपतो, त्यामुळे हे लेबल साठवून ठेवता येत नाही. पहाटे बनवायचं, त्याच दिवशी वापरायचं. रुग्णाला काही तास उपाशी बसवतात तेही यामुळेच, रक्तात घरची साखर फार असली तर लेबल लावलेल्या साखरेला गिऱ्हाईक मिळत नाही.

हे लेबल खोटं बोलत नाही. पण त्याच्यावर लिहिलेलं असतं एवढंच, की इथे साखर जास्त खाल्ली गेली. मेंदू रोजच भरपूर साखर खातो, तो नेहमी उजळ दिसतो. क्षयाची गाठही उजळते, आणि आपल्या देशात क्षय काही दुर्मीळ नाही. अहवालात गाठ चकाकलेली दिसली की घरचे लोक त्यावर ‘कॅन्सर’ असं दुसरं लेबल मनातल्या मनात लावतात. पहिलं अणूने लावलेलं असतं, दुसरं भीतीने. दोन्हींमधलं अंतर भरून काढायला तुकडा काढून तपासावा लागतो, आणि चांगला डॉक्टर तोवर तोंडातून शब्द काढत नाही.

ही दोन लेबलं एकमेकांत मिसळली की काय होतं ते संगणकाच्या दुनियेत फार मोठ्या प्रमाणावर घडलं. यंत्राला चित्र ओळखायला शिकवायचं तर आधी माणसांनी लाखो चित्रांवर नावं लिहून द्यावी लागतात. फेइ-फेइ ली यांच्या चमूने 2009मध्ये मांडलेल्या ‘इमेजनेट’ या संग्रहात पुढे एक कोटी चाळीस लाखांहून अधिक चित्रं जमली. लेबलं लावली ती जगभरच्या हजारो लोकांनी, घरी बसून, तुकड्यामागे मिळणाऱ्या किरकोळ पैशांवर. कुत्रा, कप, विमान इथवर ठीक होतं. पण त्यात माणसांच्याही वर्गवाऱ्या होत्या, आणि काही वर्गवाऱ्या चक्क शिव्या होत्या. एखाद्याचा चेहरा बघून तो अपयशी आहे किंवा चोर आहे, हे चित्रात कुठे दिसतं? तरी कुणीतरी लिहिलं आणि यंत्र ते शिकलं. 2019मध्ये यावर बोंब झाल्यावर माणसांची सुमारे सहा लाख चित्रं संग्रहातून काढण्यात आली. नावं लिहिणाऱ्या हजारोंपैकी कुणाला जाब विचारायचा हा प्रश्नही उद्भवला नाही.

चेहरा बघून चोर ठरवणं ही मात्र यंत्राची कल्पना नव्हे. 1871मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो आपल्याकडेही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी अशा जमातींच्या माणसांची नावं नोंदवून घेतली गेली. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जमातीत जन्मले म्हणून. पोलिसांकडे हजेरी, परगावी जायला परवाना, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट. जन्मलेल्या पोराला बारशाआधी लेबल मिळत होतं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ वाचलेल्यांना या लेबलाखाली वाढणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. वस्तीवर पोलिसांची रात्रीची फेरी काही त्यामुळे थांबली नाही.

समाजशास्त्रात ‘लेबलिंग’ म्हणून जो विचार ओळखला जातो तो इथेच लागू पडतो. अमेरिकेत एडविन लेमर्ट यांनी 1951मध्ये आणि हॉवर्ड बेकर यांनी 1963मध्ये तो मांडला. बेकर यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एखादं वागणं गुन्हेगारी ठरतं ते त्या वागण्यातल्या काही गुणामुळे नव्हे, तर ज्यांच्या हातात ठरवण्याची सत्ता आहे त्यांनी तसा शिक्का मारल्यामुळे. लेमर्टने त्यातली पुढची पायरी दाखवली. एकदा शिक्का बसला की काम मिळत नाही, शेजारी उभं करत नाहीत, शाळेत काही हरवलं की झडती याचीच होते. आणि मग तो माणूस हळूहळू शिक्क्याबरहुकूम जगायला लागतो. शिक्का मारणारा म्हणतो, बघा, मी म्हणत नव्हतो? बिस्किटावर ‘मटण’ लिहिल्याने बिस्किटाचं मटण होत नाही. माणसाचं मात्र होतं. म्हणूनच बिस्किटाच्या पाकिटावर उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीचा फोन सक्तीचा आहे, आणि माणसावरच्या शिक्क्यावर तो कधीच नव्हता, ही मला फार विचित्र गोष्ट वाटते.

गुन्हेगार जमातींचा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. विमुक्त जमाती तो दिवस आजही साजरा करतात. पण लगेच राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्यात तो 1959चा. नाव जमातीवरून व्यक्तीवर आलं, यादी बरीचशी त्याच घरांची राहिली. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत तर जुनी भाषाही शिल्लक होती. अमुक जातीच्या कैद्याला स्वयंपाक, तमुक जातीच्याला संडास सफाई, आणि विमुक्त जमातींतला म्हणून जन्मतः सराईत. एका पत्रकार महिलेने याविरुद्ध याचिका केली आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. राज्यांनी आपापली नियमपुस्तकं तीन महिन्यांत सुधारावीत, असं सांगितलं. सोबत आणखी एक छोटा आदेश होता: कच्च्या आणि शिक्षा झालेल्या कैद्यांच्या नोंदवहीतला ‘जात’ हा रकाना काढून टाकावा.